आगाऊ आभार मानणारे चांदूरकरकाका

महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात आभारप्रदर्शनाची एक ठरलेली जागा असते. नाटक संपलेलं असतं, जेवणाच्या ट्रेवरची फॉइल निघालेली असते, मसालेभाताचा वास सभागृहात शिरलेला असतो, आणि नेमक्या त्याच वेळी एक बिचारा माणूस माइक धरून रिकाम्या होत चाललेल्या खुर्च्यांचे आभार मानत उभा असतो. हे काम कोणालाच नको असतं. आमच्या न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या मंडळात मात्र एक गृहस्थ असे होते की त्यांना दुसरं कुठलंही काम नको असायचं. अध्यक्षपद देऊ केलं तर ते हात जोडून मागे सरकायचे. म्हणायचे, "अध्यक्ष काय, कोणीही होते बे. आभार मानायला छातीत दम पाहिजे."

ते म्हणजे विनायक चांदूरकर, आमचे चांदूरकरकाका. मूळचे नागपूरचे. तरुणपणी शिकायला आले, रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली आणि प्रिन्स्टनजवळच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत स्थिरावले. बुटके, रुंद, आणि आवाज असा खणखणीत की घरात आधी तो शिरायचा आणि मग काका. लिफ्टमध्येसुद्धा त्यांना स्वस्थ उभं राहता यायचं नाही. जागच्या जागी पावलं टाकत राहायचे, जणू त्यामुळे लिफ्ट लवकर वर जाणार होती.

मी २००१ साली पुण्याहून नोकरीसाठी आलो तेव्हा माझ्याकडे ड्रायव्हिंग लायसन्स नव्हतं. काकांची प्रयोगशाळा आणि माझं ऑफिस, दोन्ही रूट वन या हमरस्त्यावर. कोणीतरी ओळख करून दिली आणि दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या करड्या गाडीत उजव्या बाजूचा श्रोता या नात्यानं जाऊ लागलो. त्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही. मी त्यांच्यासाठी कायमचा 'पुणेकर'. "काय बे पुणेकर, तोंड काऊन पाडून बसला?" अशी आमची सकाळ सुरू व्हायची.

आता पुण्यात आमच्याकडे आभारांची पद्धत थोडी वेगळी. समोरच्यानं चहा दिला तर आपण 'साखर कमी आहे' एवढं सांगून त्याची दखल घेतो. त्यामुळे काकांसोबतचे पहिले काही महिने माझी नुसती त्रेधा उडत होती. न्यू जर्सीत पेट्रोल आपलं आपण भरायचं नसतं, पंपावरचा माणूस येऊन भरतो. इतर लोक खिडकीची काच चार बोटं खाली करून कार्ड देतात आणि निघतात. काका गाडीतून उतरायचे. कडाक्याच्या थंडीत, हातमोजा काढून, पंपावरच्या सरदारजींशी हात मिळवायचे. "सरदारजी, आप खडे हैं तो हम चल रहे हैं!" मागच्या गाड्या हॉर्न वाजवायच्या. काका त्यांच्याकडे वळून थांबल्याबद्दल त्यांचेही आभार मानायचे. मी सीटमध्ये जमेल तितका खाली सरकून बसायचो.

पण काकांची खरी खासियत वेगळीच होती. ते आभार आगाऊ मानायचे. म्हणजे माणसानं काम करायच्या आधी.

पहिल्यांदा मी हे पाहिलं ते मंडळाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात. नाटकाच्या तालमीला जागा मिळत नव्हती आणि बेसमेंट मोठं होतं ते आमच्या अध्यक्षांचं, रानडे यांचं. रानडे यांनी नुकताच तिथे नवा गालिचा घातला होता आणि त्यावर ते स्वतःच्या मुलांनासुद्धा चालू देत नव्हते. काका माइकवर आले. इतर सगळ्यांचे आभार मानले आणि शेवटी म्हणाले, "आणि ज्यांनी कोणी न सांगता, आपणहून, येत्या तीन महिन्यांच्या तालमींसाठी आपलं बेसमेंट मोकळं केलं, ते आपले अध्यक्ष! टाळ्या!" टाळ्या झाल्या. रानडे हातात ताटली घेऊन पुरीच्या रांगेत उभे होते. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण टाळ्या झाल्यावर माणूस काय करणार? त्यांनी ताटलीसकट नमस्कार केला. तालमी त्या गालिच्यावरच झाल्या आणि पुढे रानडे स्वतःच सर्वांना सांगत सुटले, की कलेसाठी एवढं तर करायलाच पाहिजे.

"काका, ही चक्क जबरदस्ती झाली," मी दुसऱ्या दिवशी गाडीत म्हणालो.

"जबरदस्ती कशी? त्याच्या मनात होतंच ना. फक्त त्याला माहीत नव्हतं." काकांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "काम झाल्यावर तर कोणीही आभार मानते. माणसावर विश्वास असेल तर आधी मानून दाखव ना!"

काकांना एकच मुलगी, मुक्ता. इथेच जन्मलेली. बोलायची इंग्रजीत, रागवायची मात्र मराठीत, कारण रागवण्याचं सगळं शिक्षण तिला आईकडून, म्हणजे शैलाकाकूंकडून, मिळालं होतं. प्राणिशास्त्र शिकून ती २००३ मध्ये केनियाच्या दक्षिणेला एका सिंह वाचवण्याच्या प्रकल्पावर काम करायला गेली. मंडळात ही बातमी फुटली तेव्हा काकांची जी चेष्टा झाली ती विचारू नका. नागपूरचा माणूस, ज्याच्या घराच्या चहूबाजूंना वाघ, त्याची पोरगी सिंहाकडे गेली! रानडे म्हणाले, "चांदूरकर, हे म्हणजे घरच्या आंब्याला सोडून शेजाऱ्याच्या चिंचेवर दगड मारणं झालं." काका सगळ्यांच्या वरताण मोठ्यानं हसले आणि त्या दिवसापासून स्वतःच सिंहांच्या नादाला लागले.

गाडीत आता दुसरा विषयच उरला नाही. मुक्ताचा प्रकल्प जंगलात तारा ओढून सिंहांना कोंडणारा नव्हता. सिंह राहत होते तिथेच मसाई लोकांची गुरं चरत होती. सिंह गाय मारायचा आणि मग गावातले तरुण भाले घेऊन सिंह मारायचे. तेव्हा या प्रकल्पानं गावालाच सोबत घेतलं होतं. गुरांच्या रात्रीच्या काटेरी कुंपणांना तारेची जाळी लावायची, गावातल्याच तरुणांना सिंहाचा माग काढायचं काम द्यायचं, आणि सिंह कुठल्या बाजूला आहे ते सकाळीच गुराख्यांना कळवायचं, म्हणजे गुरं दुसरीकडे जातील. काका हे मला रोज नव्यानं सांगायचे. सिग्नल हिरवा झाला तरी सांगत राहायचे.

"लक्षात येऊन राहिलं का पुणेकर? सिंह वाचवायचा तर आधी गाय वाचवावी लागते! किती सोपं आहे! आणि किती कठीण!"

जाळी, टॉर्च, बूट, माग काढणाऱ्यांचा पगार, हे सगळं लोकांच्या मदतीवर चालायचं. काकांनी आपलं हत्यार उपसलं. गणपतीत माइकवर उभे राहिले आणि सिंहांना मदत करणाऱ्या कुटुंबांचे नावं घेऊन आभार मानले. एकाही कुटुंबानं तोवर काही केलेलं नव्हतं. अर्ध्यांना तर हे सिंह कुठले तेच माहीत नव्हतं. मुक्ता त्या वेळी सुट्टीवर आलेली होती. तिनं कपाळाला हात लावला. "बाबा, यू कान्ट थँक पीपल फॉर समथिंग दे हॅवन्ट डन!" पण महिन्याभरात त्या सगळ्यांनी मदत पाठवली होती, आणि ज्यांचं नाव काकांनी घेतलं नव्हतं ते रुसले होते. त्यांचं नाव पुढच्या खेपेला आलं.

मग काका रविवारच्या मराठी शाळेत गेले. तिथली पोरं बाराखडीला कंटाळलेली. काकांनी त्यांना एका सिंहिणीचा फोटो दाखवला आणि सांगितलं, हिला नाव नाही, तुम्ही द्या. वर्गात दंगल झाली. शेवटी नाव ठरलं 'चकली'. का, ते आजवर कोणाला कळलेलं नाही. केनियात माग काढणारी मुलंसुद्धा तिला चकलीच म्हणू लागली. दर महिन्याला मुक्ताची ईमेल यायची, चकली आज नदीकाठी दिसली, चकली झोपलेली होती, चकलीनं रानडुक्कर मारलं. काका ती शाळेत मोठ्यानं वाचायचे आणि रानडुकराच्या ठिकाणी स्वतः धावून दाखवायचे. पोरं किंचाळायची. वेस्ट विंडसरमध्ये तेव्हा असं एकही मराठी घर नव्हतं जिथल्या फ्रिजवर त्या सिंहिणीचा फोटो नव्हता. माझ्याही होता. मी तो मॅग्नेट रिकामा होता म्हणून लावला होता, असं तेव्हा मी सगळ्यांना सांगत असे.

२००६ च्या गणपतीत काका नेहमीपेक्षा जास्त रंगात होते. माइकवर येऊन त्यांनी दोन्ही हात वर केले. "मंडळी, तुमच्यामुळे या वर्षी केनियातल्या आपल्या गावात एकही सिंह मारला गेला नाही! एकही नाही!" टाळ्या थांबेनात. तेवढ्यात त्यांनी दिवाळीचंही जाहीर करून टाकलं. मुक्ता त्या गावातल्या एका बाईंना घेऊन येणार होती. नासेरियन त्यांचं नाव. त्या सगळ्या समर्थकांचे प्रत्यक्ष आभार मानणार होत्या. आणि कार्यक्रम वसुबारसेला. "गायीचा सण! यापेक्षा चांगला मुहूर्त सांगा!" काका ओरडले. अमेरिकेत आपले सगळे सण शनिवारीच येतात, त्याप्रमाणे वसुबारसही शनिवारी घ्यायची ठरली.

सप्टेंबर नुकताच लागला होता. वर्ष संपायला बराच अवकाश होता, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात, सकाळी आम्ही ऑफिसला निघालो असताना काकांचा मोबाइल वाजला. एव्हाना माझ्याकडे लायसन्स आणि गाडी दोन्ही होती, पण मी काकांसोबतच जात असे. त्यांनी नंबर पाहिला आणि गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मुक्ता होती. काका फक्त "हो" आणि "कधी" एवढंच बोलले. मी त्यांना इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं आणि मला अक्षरशः भीती वाटली.

"चकली गेली बे," ते म्हणाले. "चरायला गेलेली एक गाय संध्याकाळी मागे राहिली. चकलीनं ती मारली. सकाळी गावातल्या पोरांनी भाल्यानं चकलीला मारलं."

बाजूनं गाड्या जात होत्या. प्रत्येक ट्रकबरोबर आमची गाडी हलत होती.

"मी सांगून बसलो ना, एकही मारला गेला नाही म्हणून. वर्ष तरी पुरं होऊ द्यायचं होतं मी. आता काय सांगू त्या लेकरांना?"

मी म्हणालो, "त्या बाई येताहेत ना तरी?"

"येऊन राहिल्या. मुक्ता म्हणते, त्या म्हणाल्या, आता तर यायलाच पाहिजे."

रानडे यांना कळलं तेव्हा त्यांनी काकांना घरी बोलावलं आणि शांतपणे समजावलं. रानडे माणूस वाईट नव्हते. त्यांचं म्हणणं साधं होतं. दिवाळीचा कार्यक्रम आहे, मुलं असणार, पाहुण्या बाई इतक्या लांबून येताहेत. आत्ता बोलायचं नाही. लोकांचा हिरमोड झाला तर पुढच्या वर्षी कोणी उभं राहणार नाही, आणि मग तिकडची जाळीही बंद आणि माग काढणारेही घरी. जानेवारीत सावकाश ईमेल करू. काका ऐकत होते. त्यांना ते पटत होतं, हेच तर वाईट होतं. तिथून परतताना ते मला म्हणाले, "तो बरोबर बोलतो. लोक गेले तर प्रकल्प त्या गावात बंद होईल. पण ज्या माणसानं खोट्या गोष्टीचे आभार मानले, त्याच्या तोंडून पुढे काय ऐकायचं कोणी?"

तिकडे शैलाकाकूंनी वेगळाच धुरळा उडवला. मंडळानं श्रीखंड-पुरीची ऑर्डर दिलेली होती. काकू म्हणाल्या, "वसुबारसेला श्रीखंड? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? त्या दिवशी गायीचं दूध, दही, तूप काहीही चालत नाही. ते वासराचं असतं." फोनाफोनी झाली. श्रीखंड रद्द झालं आणि बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी ठरली. इतक्या लोकांच्या भाकऱ्या थापायला काकूंच्या स्वयंपाकघरात अर्धं वेस्ट विंडसर लोटलं. मी पीठ चाळलं. काका सगळ्यांचे आभार मानत फिरत होते आणि प्रत्येकीला विचारत होते, शनिवारी चकलीचं सांगू की नको? शेवटी काकूंनी हातातलं पीठ झटकलं आणि म्हणाल्या, "अहो, तुम्हाला विचारायचंय का मान्य करून घ्यायचंय? सांगणार आहात ते दिसतंय. सांगा आणि मोकळे व्हा."

शनिवारी शाळेचं सभागृह फुलून गेलं होतं. रंगमंचाच्या एका बाजूला काकूंनी नागपूरहून आणलेली पितळी गाय आणि वासरू मांडलं होतं, समोर समई. नासेरियन आल्या. उंच, सडसडीत, चाळिशीच्या. अंगावर लाल-निळी वस्त्रं, गळ्यात मण्यांचे रुंद हार आणि या सगळ्यावर मुक्तानं चढवलेलं जाड जॅकेट. बायकांचा त्यांना गराडा पडला. भाषेची अडचण कोणालाच आली नाही, कारण सगळ्या जणी हारांना हात लावून बघत होत्या आणि नासेरियन त्यांच्या मंगळसूत्रांना. काकूंनी त्यांची ओटी भरली. नारळ हातात आल्यावर नासेरियननी तो कानाशी हलवून पाहिला आणि आतलं पाणी वाजताच खूश झाल्या.

काका माइककडे निघाले तसे रानडे धावले. "अहो, आत्ता? आभार शेवटी असतात!"

"शेवटी ऐकते कोण?" काका म्हणाले आणि माइक हातात घेतला.

त्यांचा आवाज पहिल्यांदाच साधा लागला होता. "मंडळी, मी गणपतीत तुम्हाला सांगितलं, यंदा एकही सिंह मारला गेला नाही. वर्ष संपलं नव्हतं, तरी सांगितलं, कारण मला घाई असते. गेल्या आठवड्यात चकलीला मारलं. भाल्यानं मारलं. तुमची आणि विशेष करून मुलांची मी माफी मागतो."

पुढच्या रांगेत मराठी शाळेची पोरं बसली होती. त्यातल्या काही जणांना कळलं, काहींना शेजारच्यानं इंग्रजीत सांगितलं, आणि मग ती रडू लागली. आया उठल्या. मागून कोणीतरी उभं राहून विचारलं, रागानं नव्हे, अगदी मनापासून, "म्हणजे आपण एवढं केलं ते वाया गेलं का?"

नासेरियननी मुक्ताला विचारलं, तो काय म्हणाला. मुक्तानं सांगितलं. तशा त्या उठल्या आणि माइकपाशी आल्या. त्या स्वाहिलीत बोलणार, मुक्ता ते इंग्रजीत सांगणार आणि काका मराठीत, अशी व्यवस्था होती. एरवी काका या अनुवादात स्वतःचं पदरचं किती घालतील याची मुक्ताला धास्ती होती. त्या दिवशी त्यांनी एक शब्दही वाढवला नाही.

"भाला माझ्या मुलाचा होता," त्या म्हणाल्या. "गाय माझी होती."

रडणारी पोरंसुद्धा बघायला लागली.

"आधी सिंह मारला की गावात नाच व्हायचा. मी स्वतः नाचले आहे. या वेळी नाच झाला नाही. माझा मुलगा एकटा चालत माग काढणाऱ्यांकडे गेला आणि म्हणाला, मी मारलं. मान खाली घालून म्हणाला. तुम्ही विचारलंत, वाया गेलं का. मला हे सांगायचं होतं."

मग त्या पोरांकडे बघून म्हणाल्या, "मुक्तानं मला सांगितलं होतं, इथल्या मुलांनी सिंहिणीला नाव दिलंय, ती मेली तर मुलं रडतील. मला बरं वाटलं. माझ्या गायीलाही नाव होतं. ते मला कोणी विचारलं नाही."

मुक्तानं हे सांगितलं. आता काकांनी ते मराठीत सांगायचं होतं. त्यांनी चष्मा काढला. मंडळात आभाराचा माइक हाती असताना चांदूरकर गप्प, असं कधी झालं नव्हतं. तेवढ्यात शैलाकाकू खालून उठून आल्या आणि नासेरियनचा हात धरून सरळ मराठीत म्हणाल्या, "काय नाव होतं हो तिचं?"

याचा अनुवाद लागला नाही. नासेरियन म्हणाल्या, "नामुन्याक."

"म्हणजे नशीबवान," मुक्ता हळूच म्हणाली.

काकूंनी पितळी गाईला हळद-कुंकू वाहिलं आणि ते नाव उच्चारलं, नामुन्याक. मागून बायका एकेक करून उठल्या आणि त्यांनीही वाहिलं. आज आम्ही दूध घेत नाही, ते वासराचं असतं, हेही काकूंनी सांगितलं. मुक्तानं ते सांगताच नासेरियन इतक्या जोरात हसल्या की हार खुळखुळले. "दूध वासराचं! हे तर आमच्यातली म्हातारी सुद्धा म्हणेल!" मग म्हणाल्या, "नामुन्याकचं वासरू आहे माझ्याकडे. कालवड. तिला अजून नाव नाही. मुलांनो, सिंहिणीला दिलंत, आता तिला द्या."

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. मग सानिका नावाची एक चिमुरडी, जी मराठी शाळेत कधी तोंड उघडत नसे, उभी राहिली आणि म्हणाली, "चकली. कॅन शी बी चकली?"

मोठी माणसं दचकली. जिनं आई मारली तिचंच नाव? मुक्तानं काकांकडे पाहिलं, काकांनी मान हलवली, आणि तिनं भीतभीतच ते स्वाहिलीत सांगितलं. नासेरियननी सानिकाकडे पाहिलं. मग त्यांनी मान डोलावली.

"चालेल," त्या म्हणाल्या. "या चकलीला माझा मुलगा राखेल."

टाळ्या सुरू झाल्या त्या थांबायलाच तयार नव्हत्या. पोरं खुर्च्यांवर चढली. कोणीतरी काकांच्या पाठीत धपाटा घातला. काकांनी डोळे पुसले, चष्मा चढवला आणि माइक पुन्हा घेतला. आता ते सगळ्यांचे पुढच्या वर्षासाठी आगाऊ आभार मानणार, याची आम्हाला खात्री होती. रानडे यांनी तर नमस्काराचा पवित्राही घेतला होता.

"आज मी आगाऊ आभार मानत नाही," काका म्हणाले. "आज विचारतो. राहता का सोबत?"

पहिला आवाज रानडे यांचा आला. "माझ्या घरातर्फे एका वासराचा खर्च लिहा! नाव आम्ही ठेवणार!" मग जो गलका झाला त्याला तोड नाही. लोक मंचाकडे धावत होते, कोणी कालवड मागत होतं, कोणी गोऱ्हा, एक आजोबा शेळी चालेल का विचारत होते. नासेरियन मुक्ताला विचारत होत्या की या लोकांना झालंय तरी काय. आमच्या मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच जेवण तयार होतं आणि रांगेत चिटपाखरू नव्हतं. गवार गार झाली, भाकऱ्या चामट झाल्या, आणि मी त्या चार खाल्ल्या.

पुढच्या दोन वर्षांत वेस्ट विंडसरच्या फ्रिजवर सिंहिणीच्या शेजारी वासरं आली. मोदक, बाळू, प्रिन्सेस, सोनपापडी. रानडे यांच्या गोऱ्ह्याचं नाव गालिचा होतं. हे नाव त्यांच्या मुलांनी ठेवलं. गाय मागे राहून हरवली की ती सिंहाला सापडते, हे काकांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तेव्हा त्यांनी ठरवलं, आपल्या प्रत्येक वासराच्या गळ्यात घंटा हवी, दुरून ऐकू येणारी. नागपूरच्या भाच्यामार्फत पितळी घंटा मागवल्या. प्रत्येक घंटा हातात घेऊन, अंगणाच्या टोकाला काकूंना उभं करून, ऐकू येते का ते तपासलं. शेजारच्या अमेरिकन बाईंनी विचारलं, हा कुठला धर्मविधी? काकांनी त्यांनाही एक वासरू दिलं.

२००८ मध्ये काका निवृत्त झाले. काही महिने केनियात मुक्ताकडे राहायचं आणि तिथून पुढे नागपूरला कायमचं जायचं, असं दोघांचं ठरलं. केनियात त्यांना घरोघर जाऊन आभार मानायचे होते. "ज्यांच्या गायी जातात आणि तरी जे भाला उचलत नाहीत, खरे समर्थक तेच ना बे! आपण इथे बसून काय केलं?" मीही तेव्हा दूर पश्चिम किनाऱ्यावरच्या रेडमंडची नोकरी धरली होती. नेवार्क विमानतळावर त्यांना सोडायला मीच गेलो. त्यांच्यापासून दूर जाण्याचं मला वाईट वाटत होतं, इतकं की मी सारखा पार्किंगच्या दराबद्दल बोलत होतो.

घंटा त्यांनी सामानात दिल्या नाहीत. हरवल्या तर? सगळ्या हातातल्या बॅगेत होत्या. सुरक्षा तपासणीपर्यंत मला जाता येत नव्हतं, पण दोरीच्या अलीकडून दिसत होतं. बॅग यंत्रातून गेली आणि अडली. धिप्पाड अधिकाऱ्यानं ती बाजूला घेतली, चेन उघडली, आणि आत हात घालताच असा काही घणघणाट झाला की अख्खी रांग वळून बघू लागली. त्यानं एक घंटा बाहेर काढली. कपाळाला आठ्या घालून काकांना काहीतरी विचारलं.

पायात फक्त मोजे घातलेले काका जागच्या जागी पावलं टाकत होते. त्यांनी दोन्ही हात पसरले, शिंगं दाखवली, कुंपण दाखवलं, चार पायांवर धावूनही दाखवलं. अधिकाऱ्याच्या आठ्या गेल्या. त्यानं घंटा कानाजवळ नेली, वाजवली, आणि दुसरी काढली. ती ज्या वासराची, त्याचं नाव काकांनी सांगितलं. त्यानं तिसरी काढली. रांगेतलं एक लहान मूल टाळ्या वाजवू लागलं. आणि त्या सगळ्यांच्या मागे शैलाकाकू, एका हातात स्वतःचे आणि दुसऱ्या हातात काकांचे बूट धरून, मला इथवर ऐकू येईल इतक्या मोठ्यानं ओरडल्या, "अहो, विमान जाईल ना!"